फायबरची काच आणि वज्रलेप

मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासण्यासाठी अमरावतीला जाणे हा आमच्या व्यवसायातला एक वार्षिक विधी. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका फेरीत आमच्यापैकी एकाचा वाचण्याचा चष्मा दुपारभर मोटारीच्या पुढल्या काचेखाली राहून गेला. त्यानंतरच्या आठवड्यांत अक्षरे धुरकट दिसू लागली. आम्ही प्रथम विद्यार्थ्यांच्या शाईला दोष दिला, मग विद्यापीठाच्या कागदाला आणि सरतेशेवटी स्वतःच्या वयाला. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या मनात मोतीबिंदूची शंका यायला फार वेळ लागत नाही. अखेर खामगावच्या एका चष्म्याच्या दुकानात चष्मा दाखवला. दुकानदाराने तो ट्यूबलाइटसमोर तिरपा धरला आणि एका वाक्यात निदान केले: "सर, काच चांगली आहे, कोटिंग फाटलं." आम्ही वाकून पाहिले. आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा बारीक भेगांचे जाळे भिंगाच्या पृष्ठभागावर पसरले होते. ह्या जाळ्यातून किती उत्तरपत्रिकांचे अक्षर आम्ही 'अस्पष्ट' ठरवले असेल, हा विचार त्या क्षणी फारसा सुखाचा नव्हता.

भाषेच्या अध्यापकाला दुकानदाराचे ते वाक्य सहजासहजी सोडवत नाही. एकतर जिला तो काच म्हणत होता ती काच नव्हती. आपल्याकडे चष्म्याच्या दुकानात आजही गिऱ्हाइकाला विचारतात, "काचेची काच देऊ की फायबरची?" ह्या 'फायबर'मध्ये धागा कुठेही नसतो, ते निव्वळ प्लॅस्टिक असते. काच हा शब्द आता पदार्थाचा राहिलेला नाही, तो त्या पदार्थाच्या कामाचा झाला आहे. ज्यातून आरपार दिसते ती काच. दुसरे म्हणजे जे फाटले त्याला आपल्या भाषेत नावच नाही. 'कोटिंग' म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक कठीण, न झिजणाऱ्या लेपासाठी मराठीत एक फार जुना शब्द आहे: वज्रलेप. पण तो आज मूर्तींच्या बातम्यांत किंवा पापांच्या संदर्भातच भेटतो. अन्यत्र केलेले पाप तीर्थक्षेत्री धुतले जाते, पण तीर्थक्षेत्रीच केलेले पाप मात्र वज्रलेप होते, म्हणजे कधीच निघत नाही, हे वचन आपण कीर्तनांतून ऐकलेले असते. न निघणारा लेप ही कल्पना आपल्या मनात अशी पापाशी जोडली गेली आहे. खामगावच्या दुकानात मात्र आम्ही दोन वर्षेही न टिकलेल्या वज्रलेपासमोर उभे होतो. ह्या लेपाचा इतिहास काय असावा, ह्या कुतूहलातून पुढचे वाचन झाले.

चष्म्याची काच काच होती तोवर लेपाचा प्रश्नच नव्हता. काचेला सहसा ओरखडा पडत नाही. ती पडली की सरळ फुटते. प्लॅस्टिकचा स्वभाव ह्याच्या नेमका उलट आहे. १९३३ मध्ये जर्मनीत ओटो र्‍योम ह्याने 'प्लेक्सिग्लास' ह्या नावाने ॲक्रिलिकची पारदर्शक पत्री बाजारात आणली. इंग्लंडमध्ये तिची बहीण 'पर्स्पेक्स' ह्या नावाने निघाली. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांवर ह्याच पदार्थाचे छत्र असे. १९४० मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनीच्या कोलंबिया रेझिन्स ह्या प्रकल्पात अनेक मिश्रणे करून पाहिली गेली, त्यांतले एकोणचाळिसावे जमले. त्याचे नाव आजही 'सीआर-३९' असेच आहे. युद्धात ते बॉम्बफेकी विमानांच्या इंधनव्यवस्थेसाठी वापरले गेले. युद्ध संपले आणि हे रसायन बेकार झाले. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट ग्रॅहम ह्यांच्या आर्मोरलाइट कंपनीने त्यापासून चष्म्याची भिंगे ओतायला सुरुवात केली. आपल्याकडच्या 'फायबर'चे हे कुळ. वजनाला ते काचेच्या जवळजवळ निम्मे; ज्यांनी लहानपणी जाड नंबराच्या काचेने नाकावर पडलेले वळ पाहिले आहेत त्यांना ह्या निम्म्या वजनाचे मोल सांगायला नको. १९७२ मध्ये अमेरिकन सरकारने चष्म्याची भिंगे आघात सोसणारी असलीच पाहिजेत असा नियम केला आणि प्लॅस्टिकची वाट मोकळी झाली. त्याआधी १९५३ मध्ये जर्मनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स ह्या दोघांना, एकमेकांचा पत्ता नसताना, पॉलिकार्बोनेट सापडले होते. हातोडा मारला तरी न फुटणारा हा पदार्थ आज हेल्मेटच्या पुढच्या पारदर्शक पट्टीत आणि मोटारींच्या दिव्यांवर असतो. चरे पडण्याच्या बाबतीत मात्र तो ह्या सर्वांत हळवा.

चरा पडतो कशाने? रुमालाने पडत नाही, रुमालाखाली अडकलेल्या धुळीने पडतो. १८१२ मध्ये फ्रीडरिश मोस ह्या खनिजशास्त्रज्ञाने कोण कोणाला ओरखडू शकते एवढ्याच निकषावर दहा खनिजांची उतरंड रचली. तळाशी शंखजिरे, शिखरावर हिरा, सातव्या पायरीवर गारगोटी. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास येते. आमचा बुलढाणा जिल्हा ज्या काळ्या कातळावर उभा आहे त्या बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे असतात आणि ती पाच ते साडेसहाच्या दरम्यानची. (ह्यातल्याच फेल्डस्पारचे लोणारच्या विवरात आघाताच्या दाबाने, न वितळताच, काचेत रूपांतर झाले आहे.) खडी क्रशरच्या शेजारून जाणाऱ्या रस्त्याने रोज मोटारसायकलवरून कॉलेजला येणारा विद्यार्थी वर्गात शिरताना शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतो, तेव्हा तो नकळत आपल्या भिंगावर कातळ घासत असतो. प्लॅस्टिक ह्या उतरंडीत फारच खाली आहे.

तेव्हा प्लॅस्टिकवर काचेचा पातळ थर द्यावा, हे कोणालाही सुचेल. ते करून पाहिले गेले आणि फसले, कारण दोघांच्या स्वभावात मेळ नाही. ऊन लागले की सीआर-३९ हे काचेच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावते. खालचे अंग फुगते, वरचे कवच फुगत नाही, मग कवचाला तडे जातात. ह्या पेचातून निघालेला मार्ग आम्हाला ह्या साऱ्या इतिहासातला सर्वांत विचारप्रवर्तक भाग वाटतो. सिलिकॉन आणि ऑक्सिजन ह्यांची साखळी हा वाळूचा आणि काचेचा कणा. ह्या कण्याला जागोजागी कार्बनयुक्त गट लोंबकळत ठेवले, तर तयार होणारा पदार्थ अर्धा काच आणि अर्धा प्लॅस्टिक होतो. १९७६ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनीच्या हॅरॉल्ड क्लार्क ह्यांना अशा लेपाचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्यात पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण अशा सिलिकॉन-राळेत बांधलेले होते. आजचे बहुतेक कठीण लेप ह्याच घराण्यातले आहेत. कण जितके अधिक तितका लेप कठीण, पण तितकाच ठिसूळ. राळ जितकी अधिक तितका तो लवचीक, पण तितकाच मऊ. लेप करणाऱ्याचे सारे कौशल्य ह्या दोहोंच्या मधला बिंदू शोधण्यात असते. पॉलिकार्बोनेटला तर हा लेप धरूनच ठेवता येत नाही. तिथे दोघांच्या मध्ये एक तिसरा, दोघांशी जमवून घेणारा थर द्यावा लागतो. सासर-माहेरच्या मध्ये उभ्या असलेल्या सोयऱ्याची आठवण व्हावी अशी ही योजना आहे.

लेप देण्याची रीत पाहिली तर तिला स्वयंपाकघरातली म्हणावे लागेल. भिंग क्षाराने स्वच्छ धुवायचे, द्रावणात बुडवायचे आणि ठरावीक संथ गतीने वर काढायचे. भरभर काढले तर थर जाड बसतो, सावकाश काढले तर पातळ. मग शंभर अंशांच्या वरच्या भट्टीत तो पक्का करायचा. जाडी साधारणपणे दोन ते पाच मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. खोलीत धुळीचा एक कण उडाला तर ते भिंग बाद. ह्या लेपावर पुढे निर्वात पेटीत धातूंच्या ऑक्साइडांचे, प्रकाशाची चमक मारणारे आणखी पातळ थर चढवतात. ते लेपाहूनही कमी लवचीक असतात. मोटारीतल्या उन्हात बहुधा प्रथम तेच तडकतात, आणि आमचे बहुधा तेच तडकले. ही विद्या आता आपल्याकडेही रुजली आहे. गोव्यात म्हापशाजवळच्या थिवी औद्योगिक वसाहतीत जीकेबी कंपनी प्लॅस्टिकची भिंगे करते, आणि हैदराबादजवळच्या एआरसीआय ह्या सरकारी संशोधनसंस्थेत प्लॅस्टिकवरच्या अशा लेपांवर काम झाले आहे.

ह्याच इतिहासात अमेरिकन अंतराळसंस्थेचे नाव येते, आणि जाहिरातींनी त्याचे पुष्कळ पुराण केले आहे. वस्तुस्थिती अधिक रंजक आहे. संस्थेच्या एम्स केंद्रातले थिओडोर वायडेवेन हे यानातले पाणी शुद्ध करण्यासाठी पातळ पडदा तयार करत होते. विद्युत्‌भारित वायूच्या साहाय्याने पदार्थावर थर बसवण्याचे त्यांचे तंत्र पुढे हेल्मेटच्या पट्टीसाठी उपयोगी पडले आणि १९८३ मध्ये फॉस्टर ग्रँट ह्या गॉगल विकणाऱ्या कंपनीने ते परवान्याने घेतले. पाण्यासाठी सुरू झालेले संशोधन डोळ्यांवर येऊन थांबले.

आणि ह्या कठीणपणाची परीक्षा कशी घेतात? एक रीत वाळू खळखळवण्याची आहे, दुसरी फिरत्या चाकाने घासण्याची. तिसरी वाचून आम्हाला स्टाफरूममध्ये हसू आवरले नाही. ती शिसपेन्सिलीची. सर्वांत मऊ '६बी'पासून सर्वांत कठीण '९एच'पर्यंतच्या पेन्सिली एकामागून एक ठरावीक कोनात लेपावर ओढायच्या. ज्या पेन्सिलीने प्रथम ओरखडा उठेल तिच्या खालचे नाव ही त्या लेपाची प्रत. प्रयोगशाळांतली ही मान्यताप्राप्त चाचणी आहे. वाचण्यासाठी केलेल्या वस्तूची परीक्षा लिहिण्याच्या वस्तूने व्हावी, ह्यात औचित्य आहे.

आता जुन्या वज्रलेपाकडे वळू. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यातली पहिली कृती अशी: टेंभुर्णीची कच्ची फळे, कवठ, सावरीची फुले, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड पाण्यात उकळून काढा आठव्या हिश्श्यावर आणायचा, त्यात गुग्गूळ, राळ, बिब्बा, जवस, बेल आणि आणखी काही डिंक-रेझिने घालून कल्क करायचा. तो गरम असतानाच देवळे, वाडे, मूर्ती, भिंती, विहिरी ह्यांवर लावायचा. पुढच्या कृतीत लाख आणि घरातला धुरोळा येतो. आणखी एका कृतीत शिंगे आणि कातडे. शेवटी मयाच्या नावावर आठ भाग शिसे, दोन भाग कासे आणि एक भाग पितळ ह्यांचा ओतीव रस. पहिल्या लेपाच्या टिकाऊपणाची ग्वाही हजार अयुत वर्षांची, म्हणजे एक कोटी वर्षांची आहे. आमच्या दुकानदाराने एका वर्षाची गॅरंटी दिली होती.

ही यादी विदर्भातल्या माणसाला परकी वाटत नाही. सालई, टेंभुर्णी, बिब्बा ही आमच्या सातपुड्याच्या आणि ज्ञानगंगेच्या रानातली झाडे. जवस आमच्या शेतातला आणि चटणीतला. गंमत अशी की रसायनशास्त्राच्या दृष्टीने ह्यातले दोन पदार्थ अगदी अचूक निवडलेले आहेत. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून स्वतःच आटते आणि त्याचा चिवट पापुद्रा होतो. युरोपच्या तैलरंगांचा आधार तोच. बिब्ब्याच्या रसातली द्रव्येही अशीच एकमेकांना साखळीने बांधली जातात. ती जपानी लाखेच्या द्रव्यांच्या जवळच्या नात्यातली आहेत. धोब्याने बिब्ब्याने केलेली खूण कापड फाटेपर्यंत का जात नाही, ह्याचे उत्तर ह्यातच आहे. (अंगावर बिब्बा उतण्याचे कारणही तेच, आणि कोणाच्या कामात 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचारही कदाचित ह्याच अनुभवातून आला असावा.) साखळ्या परस्परांत गुंफून मऊ द्रवाचे कठीण कवच करणे, ही वराहमिहिराच्या कढईतली आणि आजच्या भट्टीतली क्रिया तत्त्वतः एकच आहे.

फरक आहे तो वेगळाच. वज्रलेपातून आरपार दिसावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती. वर लागलेला लेप हाच नवा पृष्ठभाग. २०२० मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज थांबवण्यासाठी रासायनिक लेप दिला गेला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला वज्रलेपच म्हटले. पण तिथे लेपणारांची कसोटी ही होती की लेप दिसू नये. राखायचे, पण राखणारा दिसता कामा नये. ही मागणी आधुनिक आहे, आणि ती पहिल्यांदा किती महागात पडली हे पाहायला आम्हाला फार दूर जावे लागत नाही. बुलढाणा गाव अजिंठ्याच्याच डोंगररांगेवर वसले आहे. लेणी तिथून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहेत.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ ह्या लष्करी अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, तिथपासून चित्रांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल ह्यांनी त्यांच्या प्रतिकृती करण्यात उमर घालवली. त्यांतल्या बहुसंख्य १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. १८७२ ते १८८५ ह्या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी तिथे राबले. त्यांच्याही पुष्कळ प्रती लंडनच्या आगीत गेल्या. मात्र भिंतीवर एक गोष्ट मागे राहिली: व्हार्निश. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निशचा हात फिरवला गेला. त्या क्षणी चित्र खरोखरच उजळले असणार, ओला दगड उजळतो तसे. पुढे निजामाच्या राजवटीत, गुलाम याझदानी हे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना, १९२० ते १९२२ ह्या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी ह्या इटालियन तज्ज्ञांना बोलावण्यात आले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पक्का केला, ह्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्यांच्याविना कितीतरी चित्रे आज जमिनीवर असती. पण त्यांनी रंग धरून ठेवण्यासाठी लाखेचे शेलॅक वापरले. अजिंठ्याची चित्रे युरोपातल्या ओल्या चुन्यावरच्या चित्रांसारखी नाहीत. कातळावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर डिंक-सरसात कालवलेले रंग, अशी त्यांची घडण आहे. हा गिलावा ओल घेतो आणि सोडतो, श्वास घेतो म्हणा ना. शेलॅकने तो श्वास कोंडला. काळाच्या ओघात लाख पिवळी, मग तांबूस तपकिरी झाली. तिच्यावर धूळ आणि वटवाघळांची घाण बसली. आणि आकसताना तिने काही ठिकाणी खालचा रंगही उचलला. अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा निळा रंग हिरवट दिसू लागला. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने लेणी हाती घेतल्यावर शेलॅक उतरवण्याचे अत्यंत चिकाटीचे काम सुरू झाले आणि त्याच्या जागी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट ह्या पारदर्शक प्लॅस्टिकचा हात देण्यात आला. आता तोही लेप शंकेच्या दृष्टीने पाहिला जातो.

वस्तुजतनाच्या शास्त्रात आज एक तत्त्व मानले जाते: जे लावाल ते पुढच्या पिढीला काढता आले पाहिजे. वज्रलेपाचे हे अगदी दुसरे टोक. चष्म्याच्या बाबतीत हा पेच पडत नाही, कारण लेप गेला की भिंगच टाकून देतो. आठशे रुपयांत नवे डोळे मिळतात. पद्मपाणीच्या भिंतीला ती सोय नाही. आम्हाला एक गोष्ट मात्र राहून राहून जाणवते. संतवाङ्मय शिकवताना आम्ही स्वतः अभंगावर अर्थाचा जो हात फिरवतो तो बहुधा शेलॅकच्याच जातीचा असतो. त्या तासाला अभंग उजळतो. वीस वर्षांनी त्याच विद्यार्थ्याच्या मुलांना आमचा पिवळेपणा तेवढा दिसतो, आणि तो अभंगाचाच रंग आहे असे वाटते.

दोन हिवाळ्यांपूर्वी पदव्युत्तर वर्गाची सहल घेऊन आम्ही अजिंठ्याला गेलो होतो. पहिल्या लेण्यात मंद दिवे होते. नांदुऱ्याकडच्या एका मुलीने पद्मपाणीसमोर उभे राहून आपला चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग हळूच विचारले, "मॅडम, चित्र धुरकट आहे की माझा चष्मा?"

आम्ही तिचा चष्मा मागून घेतला आणि दाराशी जाऊन उजेडाकडे तिरपा धरला. फायबर होते, मधोमध, बुबुळाच्या जागी, चऱ्यांचे एक भिंगरीसारखे वर्तुळ पडलेले होते. चष्मा तिला परत दिला. मग आपापले चष्मे नीट लावून आम्ही पुन्हा भिंतीकडे पाहिले. धुरकटपणा तिथेही होता.